कुत्रा ओढतो तेव्हा : हार्नेसची निवड, नेमके माप आणि सैल लीशचा सराव

फिरायला निघालेला कुत्रा लीश, म्हणजे आपल्या हातातला पट्टा, ताणून पुढे झेपावतो, मालक त्याच्यामागे फरफटत जातो आणि घरी परतेपर्यंत दोघेही वैतागलेले असतात, हे दृश्य शहरातल्या कोणत्याही सोसायटीच्या फाटकापाशी रोज सकाळी दिसते. अशा वेळी बहुतेक जण दुकानातून हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज, आणतात आणि थोड्याच दिवसांत 'हा तर आणखीनच ओढायला लागला' अशी तक्रार करतात. ही तक्रार खोटी नसते. हार्नेसचा प्रकार चुकला तर ओढणे खरोखरच वाढते, आणि प्रकार बरोबर असूनही सरावाची जोड मिळाली नाही तर ते थोडेसे कमी होऊन तिथेच अडकते. हार्नेस कुत्र्याला काहीही शिकवत नाही. शिकवण्यासाठी लागणारा अवधी तो कुत्र्याला आणि माणसाला इजा न होता मिळवून देतो. पुढील सर्व सूचना याच समजुतीवर आधारलेल्या आहेत.

कुत्रा का ओढतो

कुत्रा ओढतो तो मालकावर वर्चस्व गाजवण्यासाठी, असे अजूनही अनेकदा सांगितले जाते. प्रत्यक्षात कारण साधे आहे. माणूस नेहमीच्या चालीने तासाला चार-पाच किलोमीटर जातो, तर मध्यम आकाराच्या निरोगी कुत्र्याची सहज दुडकी चाल त्याहून बरीच वेगवान असते. त्यात घराबाहेर पडताच जमिनीवरचा प्रत्येक वास, कोपऱ्यावरचे दुसरे कुत्रे आणि कचऱ्याच्या डब्याजवळचे मांजर त्याला पुढे बोलावत असते. तो पुढे झेप घेतो, लीश ताणली जाते, आपण नकळत दोन पावले त्याच्यामागे टाकतो, आणि ओढले की हवे तिथे पोहोचता येते हा धडा त्याला मिळतो. दिवसातून दोनदा, वर्षभर हाच धडा गिरवला गेला तर सवय किती पक्की होत असेल, याची कल्पना करता येते. विशेषतः सहा महिने ते दीड वर्ष या वयात, जेव्हा अंगात ताकद येते पण संयम आलेला नसतो, तेव्हा ओढणे सर्वांत जास्त असते. याच वयात पुष्कळ घरांतून कुत्र्याला फिरायला नेणे कमी होते, आणि साठलेल्या उत्साहामुळे तो आणखी ओढू लागतो.

गळपट्ट्याला लीश लावून ओढणाऱ्या कुत्र्याला फिरवले, तर सगळा ताण मानेवर येतो. मानेत श्वासनलिका, थायरॉइड ग्रंथी, डोक्याकडून येणाऱ्या शिरा आणि मणके दाटीवाटीने असतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींमध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा विकार आढळतो आणि गळ्यावरच्या दाबाने त्यांना हंसाच्या आवाजासारखा कोरडा, कर्कश खोकला येतो. पग, बुलडॉग आणि शिह त्झू यांसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना मुळातच श्वास घेणे कष्टाचे असते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की गळपट्ट्याने ओढताना कुत्र्याच्या डोळ्यातील दाब लक्षणीय वाढतो, तर हार्नेसने ओढताना तो तसा वाढत नाही. त्यामुळे डोळ्यांचा, मानेचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला लीश लावूच नये. नाव आणि फोन नंबर लिहिलेला बिल्ला अडकवण्यासाठी गळपट्टा जरूर ठेवावा, पण ओढ पेलण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये.

गळा आवळणारी चोक चेन आणि आतून बोथट काटे असलेली कॉलर आजही दुकानांत सहज मिळते आणि काही प्रशिक्षक तिची शिफारसही करतात. तिच्यामुळे ओढणे थांबलेले दिसते, कारण ओढल्यावर दुखते. मात्र समोरून येणाऱ्या कुत्र्याकडे पाहून ओढले आणि त्याच क्षणी दुखले, तर त्या दुखण्याचा संबंध कुत्रा आपल्या ओढण्याशी न जोडता समोरच्या कुत्र्याशी जोडू शकतो, आणि जो प्राणी केवळ उत्साही होता तो हळूहळू भुंकणारा आणि अंगावर धावून जाणारा होतो. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यकांच्या संस्थेने २०२१ सालच्या निवेदनात सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी केवळ बक्षिसावर आधारलेल्या पद्धती वापरण्याची शिफारस केली आहे. माझेही मत तेच आहे आणि त्याबाबत तडजोड करण्याचे कारण मला दिसत नाही.

कोणता हार्नेस घ्यावा

बाजारात सर्वांत जास्त दिसणारा हार्नेस म्हणजे पाठीवर एकच कडी असलेला. बर्फाळ प्रदेशात घसरगाड्या ओढणाऱ्या हस्की कुत्र्यांना जो साज घालतात, त्याचे तत्त्व हेच असते: ओढीचा भार छाती आणि खांद्यांवर पसरवायचा, म्हणजे कुत्र्याला त्रास न होता सगळी ताकद लावता येते. मग आपल्या तीस किलोच्या लॅब्रेडोरला असा साज घातल्यावर तो अधिक जोमाने ओढतो यात नवल नाही. गळ्याला लागणारा अडथळा गेलेला असतो आणि पुढे जाण्याची ओढ तशीच राहिलेली असते. न ओढणाऱ्या कुत्र्यासाठी, किंवा श्वासनलिका नाजूक असलेल्या लहान कुत्र्यासाठी पाठीवरची कडी उत्तम आहे. ओढणे कमी करायचे असेल तर ती एकटी उपयोगाची नाही.

त्यासाठी छातीवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या मधोमध वरच्या बाजूला, कडी असलेला हार्नेस हवा. तिला लीश जोडली आणि कुत्र्याने पुढे झेप घेतली, की लीशचा ताण त्याच्या शरीराच्या पुढच्या टोकाला बाजूने लागतो आणि छाती आपल्याकडे वळते. सरळ रेषेत ताकद लावण्याची संधीच त्याला मिळत नाही, कारण जितके जोरात ओढावे तितका तो वळत जातो. येथे दुखणे किंवा गुदमरणे नाही. ओढण्याचा फायदा तेवढा संपतो. वयस्कर माणसाच्या हाती मोठा कुत्रा असेल तर हा फरक पहिल्या दिवसापासून जाणवतो, आणि पडून हात किंवा खुबा मोडण्याचा धोका पाहता केवळ या एका कारणासाठीसुद्धा असा हार्नेस घेण्यासारखा आहे.

शक्य असेल तर छाती आणि पाठ या दोन्ही ठिकाणी कड्या असलेला हार्नेस घ्यावा. त्याचा दुहेरी उपयोग कसा करायचा ते पुढे येईल. कडी धातूची आणि शिवणीत घट्ट बसवलेली असावी. पुष्कळ स्वस्त हार्नेसवर छातीपाशी कापडाचा नुसता फास असतो. तो शोभेचा असतो आणि जोराच्या एका झटक्यात उसवू शकतो. ओढले की काखेतून आवळत जाणारे हार्नेसही मिळतात, पण तेथील पातळ कातडी सोलवटते आणि मुळात तेही दुखवूनच थांबवतात, म्हणून ते टाळावेत.

आकाराबाबत दोन मुख्य प्रकार आहेत. एकात छातीवरचे पट्टे मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरून उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, एकत्र येतात आणि एकच पट्टा पुढच्या पायांच्या मधून मागे जातो. दुसऱ्यात एक आडवा पट्टा दोन्ही खांद्यांवरून सरळ जातो. आडवा पट्टा खांद्याच्या सांध्यावर येत असल्याने पहिला प्रकार निवडावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि तेच योग्य वाटते. तरीही पहिला प्रकार म्हणजे खांदे पूर्ण मोकळे, असे समजू नये. २०१९ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात दोन्ही प्रकारांमुळे चालताना खांदा पुढे पसरण्याची कक्षा काही अंशी कमी झाल्याचे आढळले. म्हणून हार्नेस फिरायला जाताना घालावा आणि घरी आल्यावर काढून ठेवावा. दिवसभर अंगावर ठेवण्याची ती वस्तू नव्हे.

माप घेणे आणि बसवणे

डब्यावर लिहिलेल्या 'मीडियम' किंवा 'लार्ज' या शब्दांवर विसंबू नये. शिंप्याची मऊ टेप घ्यावी, कुत्र्याला चारही पायांवर उभे करावे आणि दोन मापे घ्यावीत: मानेच्या बुडाशी जिथे मान खांद्यांना मिळते तिथला घेर, आणि पुढच्या पायांच्या मागे छातीच्या सर्वांत खोल भागाचा घेर. ही मापे कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावीत. कुत्र्याचे माप दोन आकारांच्या सीमेवर येत असेल, तर घट्ट करायला अधिक जागा असलेला हार्नेस निवडावा. वाढत्या पिल्लासाठी महाग हार्नेस घेण्यात अर्थ नाही, कारण काही आठवड्यांतच तो लहान होतो, आणि तोवरही दर आठवड्याला पट्टे तपासून सैल करावे लागतात.

घातल्यावर चार जागा पाहाव्यात. छातीवरचा पट्टा पुढे आलेल्या हाडावर टेकलेला असावा. तो वर सरकून गळ्याच्या खड्ड्यात आला तर हार्नेस आणि गळपट्टा यांत फरकच उरत नाही, आणि खाली घसरला तर चालताना पुढच्या पायांत अडकतो. पोटाकडून जाणारा पट्टा कोपरापासून दोन-तीन बोटे मागे असावा, नाहीतर प्रत्येक पावलागणिक काखेत घासतो. कोणत्याही पट्ट्याखाली दोन बोटे आडवी सरकावीत, पण आपला पूर्ण तळहात जाऊ नये. शेवटी छातीवरची कडी धरून ती हलकेच डावी-उजवीकडे ओढून पाहावी. हार्नेस अंगाभोवती फिरून पाठीवरचा भाग बरगड्यांवर येत असेल तर पट्टे अजून आवळायला हवेत. छातीवर कडी असलेल्या हार्नेसमधला हा नेहमीचा दोष आहे आणि बहुतेक वेळा तो पोटावरचा पट्टा ढिला राहिल्यामुळे होतो.

आपल्याकडच्या देशी कुत्र्यांबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि अरुंद, कंबर बारीक आणि अंग विलक्षण लवचीक असते. तो घाबरला की पुढे पळत नाही. मागे रेटतो, डोके खाली घालतो आणि क्षणात हार्नेसमधून उलटा निसटतो. मराठवाडा आणि सोलापूरच्या बाजूला आढळणाऱ्या कारवान जातीच्या, तसेच कर्नाटकातल्या मुधोळ जातीच्या शिकारी कुत्र्यांचेही तसेच आहे. अशा कुत्र्यांसाठी बरगड्यांच्या मागे, कमरेच्या सुरुवातीला, एक जादा पट्टा असलेला हार्नेस घ्यावा. तो न मिळाल्यास छोट्या जोडपट्ट्याने हार्नेसची कडी गळपट्ट्याला जोडून ठेवावी, म्हणजे हार्नेस निसटला तरी कुत्रा हातून सुटत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर फटाक्यांना घाबरणाऱ्या कोणत्याही कुत्र्यासाठी ही जोड आवश्यक समजावी आणि त्याला अंधार पडण्यापूर्वीच फिरवून आणावे.

लीश दीड ते दोन मीटर लांबीची, सुती किंवा मऊ पट्ट्याची असावी. आपोआप गुंडाळली जाणारी लीश या कामासाठी पूर्णपणे चुकीची आहे, कारण तिच्यात ताण कायमचा असतो आणि ओढले की ती लांब होते. म्हणजे आपल्याला जे शिकवायचे आहे त्याच्या बरोबर उलट ती शिकवते. लोखंडी साखळीही नको. तिचे वजन छातीवरच्या कडीला सतत खाली खेचते आणि ताण केव्हा आला, केव्हा गेला हे आपल्या हाताला कळत नाही. लीशच्या टोकाचा, हातात धरायचा फास अंगठ्यात अडकवून उरलेला भाग तळहातात दुमडून धरावा आणि हात पोटाशी ठेवावा. मनगटाभोवती किंवा बोटांभोवती लीश गुंडाळू नये; मोठ्या कुत्र्याच्या एका झटक्याने बोट मोडू शकते.

घरातली ओळख

नवा हार्नेस आणला, डोक्यातून घातला आणि तडक रस्त्यावर गेले, असे केल्यास अनेक कुत्रे जागीच गोठतात किंवा हार्नेस दिसताच पलंगाखाली जातात. दोन-तीन दिवस खर्चून ओळख करून द्यावी. पहिल्यांदा हार्नेस नुसता जमिनीवर ठेवून त्याच्या आसपास खाऊ टाकावा. मग मानेचा घेर एका हाताने उघडा धरून दुसऱ्या हातातला खाऊ त्यातून पुढे करावा, म्हणजे कुत्रा स्वतःहून डोके आत घालील. डोके आत ढकलू नये. ते त्याने घालावे आणि हवे तेव्हा काढावे. हे सहज जमू लागले की बकल लावून लगेच काढावे, आणि त्यानंतर हार्नेस घालूनच त्याला जेवण द्यावे. बकलच्या 'टक्' आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यासमोर तो आवाज आधी दुरून ऐकवून प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. डोक्यावरून काही घालून घेणे ज्यांना मुळीच आवडत नाही, त्यांच्यासाठी मानेपाशीही बकल असलेले हार्नेस मिळतात.

खाऊ साधा पण मोहाचा हवा. उकडलेले बिनमसाल्याचे चिकन, पनीर किंवा उकडलेल्या अंड्याचे तुकडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे करून डबीत घ्यावेत आणि तेवढा भाग रोजच्या जेवणातून वजा करावा. घरात चालणारा बिस्किटाचा तुकडा रस्त्यावर बऱ्याचदा फिका पडतो. द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषारी असल्याने प्रेमापोटीसुद्धा देऊ नयेत.

सराव

पहिला सराव दिवाणखान्यात किंवा जिन्याबाहेरच्या पॅसेजमध्ये करावा, जिथे ओढण्यासारखे काही नसते. छातीवरच्या कडीला लीश लावून स्वस्थ उभे राहावे. कुत्रा आपल्या बाजूला आला किंवा त्याने आपल्याकडे पाहिले, की 'छान' असा एकच ठरलेला शब्द उच्चारून लगेच, सेकंदाभराच्या आत, खाऊ द्यावा. खाऊ देण्याची जागा येथे फार महत्त्वाची आहे. तो नेहमी आपल्या मांडीच्या बाजूला, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर द्यावा. समोर हात लांब करून दिला तर कुत्रा समोर येऊन उभा राहायला शिकतो आणि चालताना पायांत येतो. मांडीपाशी दिला तर तीच त्याची जागा होते. मग एक पाऊल टाकावे आणि खाऊ द्यावा, दोन टाकून द्यावा, पाच टाकून द्यावा, पुन्हा दोनवर यावे. अंतर सतत वाढवत नेले तर कुत्रा कंटाळतो. ते कमीजास्त राहिले तर त्याचे लक्ष टिकून राहते. एका वेळी पाच ते दहा मिनिटे पुरेत.

आपल्याला हवी असलेली अवस्था कोणती, हे डोळ्यांसमोर स्पष्ट असावे. कुत्रा पायाशी चिकटून, मान वर करून चालावा अशी अपेक्षा नाही. तो अर्धे पाऊल पुढे असो किंवा मागे, लीश त्याच्या छातीपासून आपल्या हातापर्यंत झोळीसारखी लोंबत असली की झाले.

पॅसेजमध्ये जमले की सोसायटीच्या आवारात जावे आणि तेथे ओढण्याला काय उत्तर द्यायचे ते सुरू करावे. लीश ताणली गेली की त्या क्षणी थांबावे. झटका देऊ नये, ओरडू नये, मागे खेचू नये. हात पोटाशी, पाय घट्ट, आणि वाट पाहावी. छातीवरच्या कडीमुळे कुत्र्याचे तोंड थोडे आपल्याकडे वळलेले असतेच. काही क्षणांनी तो मागे वळून पाहतो किंवा अर्धे पाऊल मागे घेतो आणि हाताला ताण सुटल्याचे जाणवते. तो क्षण पकडून 'छान' म्हणावे आणि चालू लागावे. पुढे जायला मिळणे हेच येथे बक्षीस आहे. या क्षणी लगेच खाऊ दिला, तर हुशार कुत्री ओढायचे, थांबायचे, परत यायचे आणि खाऊ मिळवायचा अशी साखळीच तयार करतात. म्हणून परत आल्यावर चार-सहा पावले सैल लीशने चालून झाल्यावरच खाऊ द्यावा.

काही कुत्री थांबल्यावर ताणलेल्या लीशच्या टोकाशी मिनिटभर उभी राहतात आणि समोर टक लावून बघत बसतात. त्यांच्यासोबत वाट पाहत राहण्यापेक्षा आनंदी आवाजात हाक मारून उलट दिशेला वळावे, आणि ती बरोबरीला आली की खाऊ द्यावा. वळताना लीशला हिसका बसता कामा नये. आधी हाक, मग वळणे.

सुरुवातीच्या काही दिवसांत ओढणे वाढल्यासारखे वाटते. आजवर जे ओढल्यावर मिळत होते ते आता मिळत नाही, म्हणून कुत्रा आणखी जोर लावून पाहतो. याच टप्प्यावर बहुतेक जण कंटाळून दोन पावले पुढे टाकतात, आणि 'थोडे ओढून भागत नाही, पुष्कळ ओढावे लागते' हे कुत्र्याला शिकवून बसतात. हा टप्पा नेटाने पार केला तर ओढणे उतरणीला लागते. किती दिवसांत, हे कुत्र्याच्या वयावर आणि सवय किती जुनी आहे त्यावर अवलंबून असते. जुन्या सवयीला काही आठवड्यांचा नव्हे तर काही महिन्यांचा सराव लागला तर त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

सकाळी रात्रभराची लघवी तुंबलेल्या कुत्र्याकडून पहिल्या दहा पावलांत संयमाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. येथे दोन कड्या उपयोगी पडतात. फाटकापर्यंत, किंवा आपल्यालाच घाई असेल त्या दिवशी, लीश पाठीवरच्या कडीला लावावी आणि शिकवण्याचा आग्रह सोडावा. विधी उरकल्यावर लीश छातीवर घ्यावी आणि सराव सुरू करावा. कोणत्या कडीला लीश आहे यावरून आता काय अपेक्षित आहे हे कुत्र्याला लवकर कळू लागते.

त्याचप्रमाणे वास घेण्याला शत्रू मानू नये. कुत्र्यासाठी फिरणे म्हणजे मुख्यतः हुंगणे असते. वीसेक पावले सैल लीशने चालल्यावर 'जा, हुंग' म्हणून त्याला झाडाच्या बुंध्यापाशी मनसोक्त वेळ द्यावा. हे बक्षीस चिकनपेक्षाही मोलाचे ठरते, आणि पोटभर हुंगलेला कुत्रा घरी येऊन शांत झोपतो.

रस्त्यावर

आवारातून रस्त्यावर आल्यावर सगळे विसरल्यासारखे होते, आणि ते स्वाभाविक आहे. अपेक्षा एक पायरी खाली आणावी आणि खाऊ पुन्हा दर दोन पावलांना द्यावा. आपल्याकडच्या रस्त्यावर सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसलेली भटकी कुत्री. ती आपला इलाखा सांभाळत असतात, आणि आपला कुत्रा एकतर त्यांच्याकडे झेपावतो किंवा भीतीने मागे ओढतो. अशा वेळी आपला हात आपोआप लीश आखडून घेतो आणि कुत्र्याची धास्ती वाढते. त्याऐवजी अंतर वाढवावे. समोरचे कुत्रे दिसत आहे पण आपला कुत्रा अजून खाऊ घेतो आहे, इतके अंतर योग्य. खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे. रस्ता ओलांडावा, उभ्या गाडीच्या आडोशाने जावे, किंवा सरळ मागे फिरावे. शक्य असल्यास भटक्या कुत्र्यांच्या खाण्याच्या वेळा आणि जागा लक्षात ठेवून आपला मार्गच बदलावा.

छातीच्या कडीला लीश लावून धावू नये किंवा लांब दोरी जोडू नये. वेगात असलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोहोचला तर त्याचे अंग झटक्याने वळते आणि पाठीला किंवा खांद्याला दुखापत होऊ शकते. मैदानावर मोकळे सोडायचे असल्यास लांब दोरी नेहमी पाठीवरच्या कडीला लावावी.

घरात कुत्र्याला फिरवणारे दोन-तीन जण असतात. आईबरोबर ओढून चालत नाही, पण आजोबांबरोबर चालते आणि पगारी वॉकर तर त्याच्यामागे धावतो, अशी स्थिती असेल तर कोणताही हार्नेस उपयोगाचा नाही. प्रत्येकाने सर्व सराव करावा असे नव्हे. 'ताण आला की थांबायचे' एवढा एक नियम मात्र सर्वांनी पाळावा. आजोबांना सतत थांबणे जमत नसेल, तर त्यांनी शांत वेळी, रोजच्या एकाच मार्गाने आणि भरपूर हुंगू देत फिरवावे. वॉकर ठेवताना त्याला छातीची कडी कोणती हे दाखवून पहिले काही दिवस बरोबर जावे.

ऋतू आणि निगा

जाड अस्तराचे, जाकिटासारखे हार्नेस थंड देशांतल्या हवामानासाठी ठीक आहेत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कोकणात दमट उकाडा असतो. तेथे अरुंद पट्ट्यांचा, कमीत कमी अंग झाकणारा हार्नेस बरा. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी फिरवावे, आणि आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावरून चालवू नये. तापल्या जमिनीवरचा कुत्रा सावलीकडे ओढतो, आणि त्या ओढण्यावर उपाय सराव हा नसतो.

पावसाळ्यात भिजलेले नायलॉन अंगाला तसेच चिकटून राहिले तर काखेत आणि छातीवर चिघळते. दोन हार्नेस आलटून पालटून वापरता आले तर उत्तम. नाहीतर घरी येताच तो काढून, कुत्र्याला पुसून, हार्नेस पंख्याखाली वाळवावा. पट्ट्यांच्या खालची जागा हाताने चाचपून पाहावी, कारण गोचिडी अशाच आडोशाला बसतात. समुद्रकिनारी नेल्यास हार्नेस गोड्या पाण्यात धुवावा, कारण सुकलेले मीठ आणि वाळू कातडी घासते आणि कड्यांना गंज चढवते. महिन्यातून एकदा शिवण, बकल आणि कडीचा खटका तपासावा.

कुत्रा अचानक ओढू लागला, किंवा आजवर खुशीने घालून घेत असलेला हार्नेस टाळू लागला, तर आधी पशुवैद्यांकडे न्यावे. मान, खांदा किंवा कंबर दुखत असली की कुत्री असे वागतात. खोकला, लंगडणे, पट्ट्याच्या जागी केस झडणे किंवा लालसरपणा दिसल्यास तो हार्नेस तोवर बाजूला ठेवावा.

सैल लीशने चालणे अंगवळणी पडल्यावर छातीची कडी सोडण्याची घाई करू नये. ओळखीच्या, शांत रस्त्यावर प्रथम थोडा वेळ लीश पाठीवरच्या कडीला लावून 'ताण आला की थांबायचे' हाच नियम चालू ठेवावा. तेथे जमले की त्या रस्त्यापुरते पाठीवर यावे आणि बाजार, रेल्वे स्टेशनचा परिसर किंवा गणपतीच्या दिवसांतली गर्दी यांसाठी छातीची कडी राखून ठेवावी. खाऊही असाच हळूहळू कमी करत जावा, पण डबी खिशात कायम असू द्यावी.